बापाची सही, मालकांचा वकील: एका बालमजुरी खटल्याचं प्रकरण

१९१७ च्या ऑगस्टची ३१ तारीख. अमेरिकेच्या केंद्र सरकारने बालमजुरीविरुद्ध केलेला पहिला कायदा दुसऱ्या दिवशी लागू व्हायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम विभागातल्या फेडरल कोर्टात न्यायाधीश जेम्स बॉइड यांनी तो घटनाबाह्य ठरवला आणि आपल्या हद्दीपुरता त्याच्या अंमलबजावणीला मनाई हुकूम दिला.

दाद मागायला आले होते शार्लट शहरातले एक गिरणी कामगार, रोलंड डॅगनहार्ट. त्यांची दोन मुलं, रूबेन आणि जॉन, बापाबरोबर त्याच गिरणीत कामाला जात. जॉन चौदाच्या आतला, रूबेन चौदा ते सोळाच्या मधला. नवा कायदा आला की धाकट्याचं काम जाणार आणि थोरल्याला दिवसाला आठ तासांवर काम करता येणार नाही. घरात येणारी मजुरी कमी होणार, म्हणून बाप कोर्टात.

कागदावर हा खटला एका गरीब बापाने गिरणी आणि सरकार या दोघांविरुद्ध केलेला दिसतो. प्रतिवादी दोन होते: सरकारी वकील विल्यम हॅमर आणि फिडेलिटी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, म्हणजे खुद्द ती गिरणी. सरकारने कायदा लावू नये आणि गिरणीने माझ्या मुलांना काढू नये, अशी मागणी होती. पण या बापाच्या वकिलांचा खर्च उचलत होते दक्षिणेतले गिरणीमालक. खटला करायचा हे आधी ठरलं, वादी नंतर शोधला गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुधारणांची जी मोठी लाट आली, तिच्यातलं हे प्रकरण मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. इथे सुधारकांची बाजू जवळजवळ सगळ्यांना पटली होती. फोटो होते, आकडे होते, दोन्ही सभागृहांत दणदणीत बहुमत होतं, राष्ट्राध्यक्षांची सही होती. तरी ते हरले. मुलांनी गिरणीत राबावं का, हा प्रश्न कोर्टापुढे उभाच राहिला नाही. उभा राहिला तो 'हे ठरवणारे तुम्ही कोण' हा. मालकांनी भांडण त्या अंगणात नेलं आणि तिथेच अर्धी बाजी मारली.

गिरणीचं गाव

१८८० नंतर अमेरिकेतला कापडधंदा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकू लागला. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल, फॉल रिव्हरसारख्या जुन्या गिरणी-शहरांत मजुरी वाढलेली, कामगार संघटित होऊ लागलेले आणि मुलांच्या कामावर राज्याचे निर्बंध आलेले. खाली कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामात कापूस दाराशी, आणि कर्जात बुडालेली कुळं घरंच्या घरं उठून काम शोधायला निघालेली. मालकांनी गिरणीभोवती गावं वसवली. घर मालकाचं, दुकान मालकाचं, बऱ्याचदा शाळा आणि चर्चही त्याच्याच देणगीवर. राहायला घर द्यायचं तर त्या कुटुंबातून किती जण कामाला येणार, हे आधी पाहिलं जाई. एकट्या बापाच्या मजुरीत घर चालत नसे. पोरं कामाला येणार हे धरूनच तो दर बांधलेला होता.

मुलींना चात्यांच्या रांगांवर लक्ष ठेवून तुटलेला धागा जोडायचं काम. मुलगे बहुतेक डॉफर: भरलेल्या बॉबिन उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, हात पुरला नाही तर यंत्रावर चढून. हवेत सतत कापसाची तूस, आणि धागा तुटू नये म्हणून मुद्दाम राखलेला दमटपणा. नॉर्थ कॅरोलायनात कामाचं किमान वय होतं १२, आठवड्याची मर्यादा ६० तास. तीही पाळली जाते का हे तपासणारी खरी यंत्रणा नव्हती, आणि जन्मनोंदणीचा पत्ता नसल्यामुळे आईबाप सांगतील ते वय.

१९०० च्या जनगणनेत १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाखांवर मुलं कामाला असल्याचं नोंदलं गेलं, म्हणजे त्या वयाच्या साधारण दर सहा मुलांत एक. यांतली बहुसंख्य शेतात होती. गिरणीतली त्या मानाने थोडी, पण डोळ्यांत भरणारी, कारण ती एका छपराखाली, यंत्राशेजारी, घड्याळाच्या काट्यावर काम करत. चळवळीचा रोख गिरण्या, खाणी आणि काचेच्या भट्ट्यांवर राहिला त्यामागे हे एक कारण. दुसरं जास्त अवघड आहे. दक्षिणेतल्या गिरण्यांत यंत्रावरचं काम गोऱ्यांसाठी राखीव होतं. काळ्या कुटुंबांतली मुलं कापसाच्या शेतात वाकलेली होती. तिथले काही सुधारक उघडपणे म्हणत की गिरणी आपल्या 'अँग्लो-सॅक्सन' पोरांना खुरटवते आहे आणि काळ्यांची मुलं मात्र मोकळ्या हवेत वाढताहेत. शार्लटमध्येच संपादक म्हणून काम केलेले पाद्री अलेक्झांडर मॅककेल्वे हे बालमजुरीविरुद्धच्या लढ्यातले दक्षिणेतले सगळ्यात झुंजार कार्यकर्ते; त्यांच्या युक्तिवादालाही हा वंशाचा रंग होता. चळवळीचं ऋण मानताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१९०४ मध्ये नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी स्थापन झाली. १९०८ मध्ये कमिटीने लुईस हाइन या शिक्षकाला फोटोग्राफर म्हणून नेमलं. हाइन कधी बायबल विकणारा, कधी आगीचा तपासनीस, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस बनून गिरणीत शिरे. आपल्या कोटाची गुंडी जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याने मोजून ठेवलेलं असे, त्यावरून मुलाची उंची काढी आणि खिशातल्या खिशात टिपण करी. १९०८ च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हिटनेल इथल्या गिरणीत त्याला एक मुलगी भेटली. उंची ५१ इंच, गिरणीत वर्ष झालेलं, कधी कधी रात्रपाळी, मजुरी दिवसाला ४८ सेंट. वय विचारल्यावर ती अडखळली, आठवत नाही म्हणाली, आणि मग विश्वासात घेतल्यासारखं सांगितलं की काम करायचं वय झालेलं नाही, पण करते. हाइनने पुढे लिहिलं की तिथल्या ५० कामगारांत हिच्याएवढी १० मुलं होती. प्रचारासाठी एवढं कोरडं लिहिणारा माणूस क्वचित सापडतो, आणि त्या कोरडेपणामुळेच ते फोटो आजही बोलतात.

अधिकाराचा पेच

भारतात वाढलेल्या वाचकाला इथे थोडं थांबावं लागतं. आपल्याकडे कामगार कल्याण हा विषय समवर्ती सूचीत आहे. केंद्र कायदा करू शकतं, राज्यही करू शकतं. चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात किंवा खाणीत ठेवायचं नाही, हे तर कलम २४ नुसार मूलभूत हक्कांतच बसवलं आहे. अंमलबजावणीचं काय होतं तो वेगळा विषय, पण अधिकार कोणाचा यावर वाद घालायला फारशी जागा नाही. अमेरिकेच्या घटनेत तशी सूची नाही. तिथे काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, मोजके अधिकार दिले आणि बाकीचे राज्यांकडे व जनतेकडे ठेवले. त्या मोजक्या अधिकारांत कामगार किंवा मुलं यांचा उल्लेख नाही. मात्र राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करण्याचा अधिकार आहे.

सुधारकांनी नेमकी ही खिडकी गाठली. मूल कामाला ठेवू नका असं थेट म्हणायचं नाही. मुलांच्या श्रमातून निघालेला माल राज्याच्या सीमेबाहेर पाठवू नका म्हणायचं. ही युक्ती हवेतली नव्हती. लॉटरीची तिकिटं राज्याबाहेर नेण्यावरची बंदी सुप्रीम कोर्टाने १९०३ मध्ये मान्य केली होती. भेसळयुक्त अन्नाबद्दलचा १९०६ चा कायदा आणि वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना राज्याबाहेर नेण्याविरुद्धचा १९१० चा कायदा, दोन्ही कोर्टात टिकले होते.

इंडियानाचे सिनेटर आल्बर्ट बेव्हरिज यांनी असं विधेयक १९०६ मध्येच आणलं होतं. ते पडलं, आणि विशेष म्हणजे सुधारकांतूनही त्याला विरोध झाला. अलाबामात बालमजुरीविरुद्ध पहिली समिती उभारणारे एडगर गार्डनर मर्फी यांचं म्हणणं, हे काम राज्यांचं आहे, वॉशिंग्टनचं नव्हे. नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी केंद्राच्या कायद्यामागे जाते असं दिसल्यावर ते बाहेर पडले. नंतरचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन, तेव्हा प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते. त्यांनीही या विधेयकावर काँग्रेस आपली मर्यादा ओलांडते म्हणून टीका केली होती.

पण राज्याराज्यांतून झगडून सुधारक एका भिंतीला येऊन टेकले. एखाद्या राज्याने वय वाढवायचा विचार केला की मालक म्हणत, मग आम्ही शेजारच्या राज्यात जातो. ज्या राज्याने मुलांना जपलं त्याचाच धंदा बुडणार, असा हा हिशेब. त्याला उत्तर एकच: सगळीकडे एकच नियम. दक्षिणेतले मालक यावर म्हणत की हा सगळा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सकडच्या, गिरणीवाल्यांचा कावा आहे, आमची स्पर्धा झेपत नाही म्हणून मुलांचा कळवळा आलाय. मुंबईच्या इतिहासाशी ओळख असलेल्याला हे ऐकल्यासारखं वाटेल. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याच्या वेळी आपले गिरणीमालकही विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे बोट दाखवत होते. दोन्हीकडे त्या आरोपात तथ्य होतं, आणि दोन्हीकडे त्यामुळे यंत्रापुढच्या मुलाचे तास कमी झाले नसते.

१९१६ हे निवडणुकीचं वर्ष. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने बालमजुरी बंदीचा पुरस्कार करून लाखो मतं घेतली होती. ती मतं विल्सनना आता हवी होती. कोलोराडोचे एडवर्ड कीटिंग आणि ओक्लाहोमाचे सिनेटर रॉबर्ट ओवेन यांचं विधेयक कनिष्ठ सभागृहात ३३७ विरुद्ध ४६ मतांनी पास होऊन सिनेटमध्ये अडकलं होतं. अडवणारे विल्सन यांच्याच पक्षातले दक्षिणेचे सिनेटर. जुलैत विल्सन स्वतः कॅपिटॉलमध्ये जाऊन त्यांना भेटले. ऑगस्टमध्ये सिनेटने ५२ विरुद्ध १२ मतांनी मंजुरी दिली आणि १ सप्टेंबरला सही झाली. जुनं मत बदललं की मतपेटीकडे पाहून बदललं, यावर इतिहासकार वाद घालोत. राजकारणात दोन्ही एकदम होऊ शकतं.

कायदा असा: कारखान्यात १४ च्या आतलं मूल नको, खाणीत १६ च्या आतलं नको. १४ ते १६ वयाला दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत काम नाही. हे मोडलं तर तीस दिवसांपर्यंत तिथला माल राज्याबाहेर जाणार नाही. अंमलाची जबाबदारी कामगार खात्यावर. त्या खात्याचे सचिव विल्यम बी. विल्सन स्वतः लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेले. कायदा लागू व्हायला एक वर्षाची मुदत ठेवली, आणि मालकांनी ते वर्ष वाया घालवलं नाही.

वादीचा शोध

या खटल्याचा खरा कर्ता डेव्हिड क्लार्क. शार्लटहून निघणाऱ्या 'सदर्न टेक्स्टाइल बुलेटिन' या धंद्याच्या पत्राचे ते संपादक, आणि दक्षिणेतल्या गिरणीमालकांच्या कार्यकारी समितीचे सूत्रधार. वडील वॉल्टर क्लार्क राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि पुरोगामी मतांसाठी गाजलेले. रविवारच्या जेवणाला या घरात काय बोलणं होत असेल, असा प्रश्न मला पडतोच.

क्लार्कना दोन गोष्टी हव्या होत्या: सोयीचं कोर्ट आणि सोयीचं कुटुंब. कायद्याला हात लावायला कचरणार नाहीत असे न्यायाधीश म्हणून बॉइड यांचा पश्चिम विभाग निवडला. कुटुंब असं हवं की एक मूल १४ च्या आतलं आणि एक १४ ते १६ मधलं, म्हणजे कायद्याची दोन्ही टोकं एकाच अर्जात तपासली जातील. गिरणी अशी हवी की जी नावापुरती प्रतिवादी व्हायला तयार आहे. डॅगनहार्ट कुटुंब आणि फिडेलिटी गिरणी यांत हे सगळं जुळलं. कायदा लागू होताच मुलांना काढणार, असं गिरणीने कळवलं, आणि दावा करायला कारण तयार झालं. न्यूयॉर्कहून बडे वकील आणले गेले.

मालकांनी स्वतःच्या नावावर दावा का केला नाही? तसं करता आलं असतं. पण गिरणीमालक कोर्टात उभा राहून 'मला लहान मुलं कामाला हवीत' म्हणतो, हे चित्र वाईट दिसतं. बाप उभा राहिला की चित्र पालटतं. त्या काळच्या कायद्यात अज्ञान मुलाच्या कमाईवर बापाचा हक्क असे. म्हणून अर्जात दोन बाजू मांडल्या: बापाच्या मालमत्तेवर घाला, आणि राज्याच्या अधिकारावर केंद्राचं अतिक्रमण. यांतली पहिली लोकांसाठी, दुसरी न्यायाधीशांसाठी.

रोलंड डॅगनहार्ट यांना या सगळ्यात प्यादं म्हणून सोडून द्यायलाही मी तयार नाही. घरात दोन मजुरी कमी होणार असतील तर त्या माणसाची अडचण खरी होती. कायद्याने मुलाचं काम थांबवलं, पण बापाची मजुरी वाढवली नव्हती, शाळेची सक्ती केली नव्हती, घरभाड्याचं काय याचा विचार केला नव्हता. सुधारकांच्या योजनेतलं हे भोक मोठं होतं आणि क्लार्कनी बोट नेमकं तिथे घातलं.

बॉइड यांचा मनाई हुकूम त्यांच्या हद्दीपुरता होता. बाकी देशात कायदा सुरू झाला. चिल्ड्रन्स ब्यूरोमध्ये ग्रेस अ‍ॅबट यांच्या हाताखाली नवा विभाग उघडला. वयाचे दाखले द्यायचे तर आधी वय कळायला हवं, म्हणून जन्मनोंद नसेल तिथे घरच्या बायबलच्या पानावरच्या नोंदी, जुनी कागदपत्रं, शेवटी डॉक्टरची तपासणी, असा क्रम लावला गेला. नऊ महिने हे चाललं.

पाच विरुद्ध चार

सुप्रीम कोर्टाचा निकाल ३ जून १९१८ रोजी आला. कायदा रद्द, पाच विरुद्ध चार. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती विल्यम डे यांनी लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: लॉटरीचं तिकीट किंवा भेसळीचं अन्न या वस्तूच घातक, त्यांची वाहतूक म्हणजेच नुकसान. सुती कापड घातक नाही. माल तयार करणं म्हणजे व्यापार नव्हे. तो राज्यातला विषय. वाहतुकीच्या नावाखाली काँग्रेस कारखान्यातलं वय ठरवू लागली, तर उद्या राज्यांच्या हातात काय उरणार? कमी दर्जाचा कायदा असलेल्या राज्यांना अन्यायकारक फायदा मिळतो, या युक्तिवादाला त्यांनी सरळ उत्तर दिलं की राज्याराज्यांतली स्पर्धा समान करणं हे केंद्राचं काम नाही.

डे यांनी बालमजुरीचं समर्थन केलेलं नाही. तिला आळा हवा असंही ते लिहितात. संघराज्यात केंद्राच्या अधिकाराला कुठेतरी कुंपण हवं, ही त्यांची चिंताही पोकळ म्हणता येणार नाही. पण कुंपण घालताना त्यांनी दहाव्या घटनादुरुस्तीत (उरलेले अधिकार राज्यांकडे व जनतेकडे ठेवणारी ती हीच) नसलेली अट घातली: केंद्राला जे 'स्पष्टपणे' दिलेलं नाही ते राज्यांचं, असं लिहिलं. मूळ मजकुरात 'स्पष्टपणे' नाही. १७८९ मध्ये ते घालण्याची सूचना आली होती आणि विचारपूर्वक नाकारली गेली होती. एवढा मोठा कायदा पाडताना ही चूक क्षुल्लक नव्हती.

विरोधी मत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचं. मॅककेना, ब्रँडाइस आणि क्लार्क (हे न्यायमूर्ती जॉन क्लार्क, संपादक नव्हेत) त्यांच्या बाजूने. होम्स म्हणाले की राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मालावर काँग्रेसचा अधिकार निर्विवाद आहे. त्या अधिकाराचा राज्यातल्या व्यवहारावर परिणाम होतो म्हणून तो नाहीसा होत नाही. सुसंस्कृत देशांचं एकमत झालेली एखादी गोष्ट असेल तर ती अकाली आणि बेसुमार बालश्रमाच्या वाईटपणाबद्दलच. दारूविरुद्ध बंदी चालते आणि उद्ध्वस्त झालेल्या आयुष्यांतून निघालेल्या मालाविरुद्ध चालत नाही, हे ठरवणं कोर्टाचं काम नाही. बहुमतातले मॅकरेनॉल्ड्स आणि विरोधातले ब्रँडाइस व क्लार्क, तिघंही विल्सन यांनीच नेमलेले होते.

आणखी दोन पराभव

काँग्रेसने लगेच दुसरा रस्ता धरला. १९१९ च्या महसूल कायद्यात तरतूद घातली: ठरावीक वयाखालची मुलं ठेवणाऱ्या कारखान्याच्या निव्वळ नफ्यावर १० टक्के कर. पुन्हा शार्लटमधली गिरणी, पुन्हा बाप आणि मुलगा, पुन्हा न्यायाधीश बॉइड, पुन्हा मनाई हुकूम. हा अ‍ॅथर्टन मिल्सचा खटला सुप्रीम कोर्टात इतका रेंगाळला की मे १९२२ मध्ये निकाल देताना कोर्टाला म्हणावं लागलं, मुलगा आता वयाच्या मर्यादेबाहेर गेला, ठरवायला काही शिल्लकच नाही. मुलांच्या वयावरचा कायदा कोर्टाच्या गतीने चालवला की असं होतं. त्याच दिवशी ड्रेक्सेल फर्निचर कंपनीच्या खटल्यात कर रद्द झाला, आठ विरुद्ध एक. मुख्य न्यायाधीश टाफ्ट म्हणाले की हा कर नाही, दंड आहे. या वेळी होम्स आणि ब्रँडाइसही बहुमतात होते. १९१८ चा निकाल एका मताने हुकला म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं.

मग घटनादुरुस्ती. १९२४ मध्ये दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली: अठरा वर्षांखालच्या व्यक्तींच्या श्रमावर मर्यादा, नियमन किंवा बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला. आता राज्यांची मंजुरी हवी, ४८ पैकी ३६. इथे डेव्हिड क्लार्क पुन्हा दिसतात. 'फार्मर्स स्टेट्स राइट्स लीग' या शेतकऱ्यांच्या वाटणाऱ्या नावाने जो प्रचार चालला त्यामागे ते होते. पोराने बापाला शेतात मदत करायची नाही, मुलीने आईला भांडी घासू लागायची नाही, सरकारी माणूस घरात येऊन बघणार, अशी हवा उठवली गेली. बॉस्टनचे कार्डिनल ओ'कॉनेल विरोधात उतरले. मॅसॅच्युसेट्सने, म्हणजे ज्या राज्यात मुलांना संरक्षण देणारे चांगले कायदे होते त्यानेच, १९२४ च्या नोव्हेंबरात सार्वमतात ही दुरुस्ती प्रचंड फरकाने फेटाळली. अठराऐवजी सोळा लिहिलं असतं तर ती वाचली असती का? मला तसं वाटतं. सुधारकांनी खटल्यातून जो धडा घेतला, की अधिकार निःसंदिग्ध शब्दांत मागा, त्यानेच विरोधकांच्या हाती कोलीत दिलं. पुढे २८ राज्यांपर्यंत मजल गेली आणि ती तिथेच अडली.

या काळात, १९२३ मध्ये, लोवेल मेलेट नावाच्या पत्रकाराने रूबेन डॅगनहार्टला शोधून काढलं. आता तो लग्न झालेला तरुण होता, वजन १०५ पौंड, म्हणजे ४८ किलोच्या आत. बाराव्या वर्षापासून गिरणीत दिवसाला बारा तास, कधी रात्रीही, दिवसाला एक डॉलर. त्या खटल्यातून काय मिळालं असं विचारल्यावर त्याने सांगितलं की मोठ्या माणसांच्या मोटारीतून फिरायला आणि कोकाकोला प्यायला मिळालं. शिक्षण राहिलं ते राहिलंच. तो कायदा टिकला असता तर या राज्यातल्या सगळ्या पोरांचं बरं झालं असतं. ज्याच्या 'हक्कासाठी' हा खटला लढवला, त्याला या आधी कुणी काही विचारलं असल्याचं दिसत नाही.

बाजारात बदललेलं वारं

कायदा शेवटी उभा राहिला तो युक्तिवादापेक्षा मंदीमुळे. १९३३ मध्ये मोठी माणसं कामाच्या शोधात गेटबाहेर उभी होती आणि गिरण्या एकमेकींचे भाव पाडून बुडत होत्या. मंदीतून उद्योग सावरण्यासाठी केलेल्या राष्ट्रीय पुनरुत्थान कायद्याखाली जी पहिली आचारसंहिता झाली ती सुती कापडधंद्याची, आणि तिच्यात किमान वय १६ मालकांनीच मान्य केलं. सतरा वर्षांपूर्वी चौदालाही कडाडून विरोध करणारा हाच धंदा. स्वस्त हात जास्त झाले की भाव पडतो, हे आता त्यांना स्वतःच्या खिशातून कळलं होतं. १९३५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुनरुत्थान कायदाही पाडला. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टने पुन्हा जुनीच युक्ती वापरली, मालाची राज्याबाहेर वाहतूक; पण या वेळी मुलांच्या वयाबरोबर मोठ्यांचं किमान वेतनही ठरवलं. डॅगनहार्टच्या घरातला जो प्रश्न १९१६ च्या कायद्याने हाताळलाच नव्हता, त्याला निदान हात लागला.

३ फेब्रुवारी १९४१ रोजी जॉर्जियातल्या फ्रेड डार्बी यांच्या लाकूड कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा कायदा एकमताने उचलून धरला आणि डॅगनहार्टचा निकाल नाव घेऊन रद्द केला. १९१८ च्या बहुमतातले शेवटचे उरलेले न्यायमूर्ती, मॅकरेनॉल्ड्स, काही दिवसांपूर्वीच निवृत्त झाले होते.

१९३८ च्या कायद्यातून शेती मात्र बरीचशी वगळली गेली. दक्षिणेच्या प्रतिनिधींची मतं हवी असतील तर दुसरा इलाज नव्हता, आणि शेतात राबणाऱ्यांत काळी आणि स्थलांतरित कुटुंबं जास्त होती. ती सूट अजून आहे. आईबापांच्या परवानगीने, शाळेच्या वेळेबाहेर, बारा वर्षांचं मूल शेतात मजुरी करू शकतं, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या तंबाखूतही. २०२३ मध्ये अर्कान्सासने सोळाखालच्या मुलांना लागणारा कामाचा परवाना रद्द केला, आयोवाने नियम सैल केले. त्याच वर्षी केंद्रीय कामगार खात्याने मांस कारखान्यांची सफाई करणाऱ्या एका कंपनीला १०२ मुलं धोक्याच्या कामावर ठेवल्याबद्दल १५ लाख डॉलर दंड केला. राज्यांनी आपले नियम कितीही सैल केले तरी केंद्राची किमान अट त्यांना ओलांडता येत नाही, ती डार्बीच्या निकालामुळे.